रिकाम्या आकाशाचा दाखला

आकाशाचा अमुक एक तुकडा रिकामा आहे, असा दाखला देण्याची नोकरी मी एकतीस वर्षं केली. लोकांना वाटतं मी थट्टा करतो. थट्टा करण्याची सोय आमच्या सेवानियमांत नव्हती.

आमची दुर्बीण, तिचं नाव टिटवी, एका अजस्र फुग्याला टांगलेली असायची आणि अडतीस किलोमीटर उंचीवर महिनोन्महिने तरंगायची. ती खाली फोटो पाठवायची. पुण्याबाहेरच्या आमच्या केंद्रात शास्त्रज्ञ मंडळी त्या फोटोंत काय आहे ते बघायची आणि मी काय नाही ते बघायचो. शास्त्रज्ञांना पारितोषिकं मिळायची. काहीच सापडलं नाही म्हणून पारितोषिक देण्याची पद्धत अजून कुठे सुरू झालेली नाही.

यामागे शास्त्र आहे आणि ते फारसं अवघड नाही. तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या ढगांत. नुकता पेटलेला मोठा तारा भलताच तापट असतो. भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन तो उडवून लावतो. वायू असा आयनीभूत झाला की झगमगायला लागतो. पण ती झगमग आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही, कारण मध्ये धूळ. धूळ मात्र त्या उजेडाने कोमट होते, आणि कोमट वस्तू अवरक्त किरण सोडते. हे किरण धुळीला जुमानत नाहीत. म्हणून ताऱ्यांचं बाळंतपण बघायचं तर अवरक्त दुर्बीण हवी.

अडचण एवढीच, की जगातली प्रत्येक कोमट वस्तू हे किरण सोडते. दुर्बिणीचा आरसा सोडतो, आरशाचा सांगाडा सोडतो, उरलीसुरली हवासुद्धा सोडते. भटारखान्यात चुलाण्यापाशी बसायचं आणि रस्त्यापलीकडे कुणाला बारीक ताप आहे का ते ओळखायचं, अशातला प्रकार. त्यावर उपाय म्हणजे वजाबाकी. आधी ढगाचा फोटो घ्यायचा, लगेच शेजारच्या रिकाम्या आकाशाचा घ्यायचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. दुर्बिणीची ऊब दोन्ही फोटोंत सारखीच असते, ती जाते. ढग उरतो. फक्त शेजारचं आकाश खरोखरच रिकामं असावं लागतं.

ते तपासायला मी. असे अकराशे तुकडे मी तपासले. वजाबाकी यंत्रं करायची, पण दाखल्यावर सही माणसाचीच लागायची. रिकामेपणाच्या बाबतीत यंत्रावर विश्वास ठेवू नये असं वरिष्ठांचं मत होतं. एकदा सही झाली की तो तुकडा कोणी पुन्हा बघायचं नाही, हाही नियमच.

निवृत्त झाल्यावर मी मिरजेला, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सगळं सामान एका टेंपोत मावलं आणि टेंपोत जागा उरली. पुढच्या सात वर्षांत माझ्याशी नियमित बोलणारे दोनच. एक इमारतीची लिफ्ट. ती दरवाजा बंद होत असल्याचं सांगायची. दुसऱ्या डॉ. शहनाज अत्तार.

अत्तारबाई आमच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञ. ‘शिंपला’ नावाच्या एका प्रचंड जन्मढगात त्यांनी एक पोकळी शोधून काढली होती. सगळीकडे कोमट धूळ, आणि मध्येच एक काळी, थंड, तिरक्या कोयरीसारखी जागा. तिथली धूळ नव्या ताऱ्यांनी बाहेर कशी फेकली असेल, यावर त्यांनी सिद्धांत मांडला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. जगभर तिला अत्तार पोकळी म्हणतात. परदेशातल्या दोन दुर्बिणींना ती दिसली नव्हती. आम्ही त्याची दोन कारणं दिली. दोन्ही कारणं त्यांच्या दुर्बिणींमधल्या दोषांची होती.

बाईंनीही लग्न केलं नव्हतं. निवृत्त होऊन त्या बेंगळुरूला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथून दर गुरुवारी सकाळी अकराला मला फोन करायच्या. बोलणं चाळीस मिनिटं, विषय पोकळी. फोनवर चेहरा दिसत नसे, तरी गुरुवारी मी दहाच्या आत दाढी करत असे.

या वर्षी त्यांचा आवाजच वेगळा होता.

“उकिडवे, दोनशे तास!” त्या म्हणाल्या. “नवी दुर्बीण माझ्या पोकळीला दोनशे तास देतेय. टिटवीच्या तीसपट बारीक बघते ती. आणि मला निवृत्तीतून उठवून बोलावलंय, तुम्हीच हे काम चालवा म्हणून. अहो, मला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला दोन महिने लागले होते!”

“अभिनंदन,” मी म्हणालो.

“एवढंच?”

“हार्दिक अभिनंदन.”

“तुमच्यापेक्षा ती लिफ्ट बरी बोलत असेल,” त्या म्हणाल्या. पण खूश होत्या.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीत ‘सोबत’ आली. पासष्टीच्या पुढे एकटं राहणाऱ्या माणसांच्या घरात छताला एक बशीएवढं यंत्र बसवायचं, अशी योजना निघाली होती. हे यंत्र अवरक्त किरणांनी घराकडे बघतं. आधी रिकाम्या घराचा फोटो घेऊन ठेवतं. फ्रीजची ऊब, उन्हाने तापलेली भिंत, सगळं त्यात येतं. मग दर मिनिटाला जो फोटो निघतो त्यातून तो वजा करतं. उरतो तो म्हातारा. म्हातारा जमिनीवर आडवा दिसला किंवा दिसेनासाच झाला, तर फोन येतो. आमच्याच धंद्याची ही घरगुती आवृत्ती. फरक इतकाच, की आम्ही जन्माची वाट बघायचो.

यंत्र बसवायला पूर्वा हजारे नावाची मुलगी आली होती. शिडीवरून उतरून म्हणाली, “काका, आता बटण दाबते. वीस मिनटं घरात कोण नको. तुम्ही जरा खाली फिरून या, मी तोवर तिसऱ्या मजल्यावरचं उरकते.”

“वीस मिनिटं कुठे जाऊ?”

“कुठं पण जावा की! मित्राकडं जावा.”

ती गेली. वीस मिनिटांत जाऊन यावं असं ठिकाण मला आठवेना. जिन्यात उभं राहावं, तर येणारा-जाणारा काय झालं म्हणून विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो. मी खुर्चीत बसून राहिलो. हललो नाही. हललं नाही म्हणजे चालतं, असं मला का वाटलं कोण जाणे. एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाने.

चौथ्या दिवशी पूर्वाचा फोन आला.

“काका, तुम्ही गावाला गेलाय काय? चार दिवस घर रिकामं दिसतंय.”

“मी घरीच आहे.”

“घरात कोण नाही, काका.”

“मग फोन कोणी उचलला?”

“येते मी,” म्हणाली.

आली ती हातात पाटीएवढा पडदा घेऊन, आणि दारातच थबकली. मी दार उघडायला उठलो होतो आणि तिच्या समोर उभा होतो. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होती.

“काका, घाबरू नका, पण तुमच्या खुर्चीत कुणीतरी गार बसलंय.”

मी पडदा बघितला. दाराशी दोन तांबूस आकृत्या होत्या, एक तिची आणि एक माझी. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एक काळा-निळा माणूस बसला होता. भोवतालच्या घरापेक्षा थंड. खांदे पडलेले, मान जराशी डावीकडे. मी त्याला ओळखलं. माझी मान डावीकडे असते.

“तुम्ही त्या दिवशी बाहेर गेलाच नव्हता,” पूर्वा म्हणाली. तिला लगेच उलगडलं; हुशार मुलगी. “यंत्राला वाटलं तुम्ही म्हणजे फर्निचर. तुम्ही बसलाय तवर घर रिकामं, आणि उठलात की तुमच्या जागी खड्डा; एक माणूस जास्त, एक कमी, यंत्राचा हिशेब परत शून्य. असं कोण करतं ओ, काका? सगळ्या मिरजेत पहिलीच केस!”

तिने मला हाताला धरून बाहेर काढलं आणि वीस मिनिटं जिन्यात उभं केलं. ती काहीतरी बोलत होती. माझं लक्ष नव्हतं. बसल्या जागी हललं नाही तर माणूस घरात जमा होतो आणि त्याच्या उबेचा खड्डा होतो, हे मी आत्ता डोळ्यांनी बघितलं होतं. असाच एक खड्डा मला बावीस वर्षं माहीत होता. तिरक्या कोयरीच्या आकाराचा.

ती गेल्यावर मी केंद्राच्या नोंदी उघडल्या. शिंपला ढगातून जो तुकडा वजा करतात त्याचा क्रमांक रि-४१७. दाखला माझा. तुकडा तपासण्याची आमची रीत अशी: त्याचे बारा फोटो घ्यायचे आणि दर फोटोनंतर दुर्बीण केसभर सरकवायची. चित्रात जे सरकतं ते आकाशातलं. जे जागचं हलत नाही ती दुर्बिणीची स्वतःची ऊब, ती काढून टाकायची. सरकवलंच नाही, तर आकाशातली वस्तूही जागच्या जागी राहते, दुर्बिणीच्या खात्यात जाते आणि पुसली जाते. तुकडा अगदी स्वच्छ दिसतो.

नोंदीत ‘सरकवले’ या शब्दापुढे मी ‘होय’ लिहिलं होतं. खालची सही माझी, तारीख ईदनंतरच्या सकाळची. त्या दिवशी मी दुर्बीण सरकवली नव्हती. विसरलो असं म्हणायला आवडलं असतं, पण मला पक्कं आठवत होतं. अत्तारबाई दर वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा घेऊन यायच्या आणि कँटीनमध्ये स्वतः उभ्या राहून वाढायच्या. साडेदहाला पातेलं रिकामं व्हायचं. बारा वेळा दुर्बीण सरकवायला पाऊण तास लागतो, आणि दहा वाजून गेले होते.

म्हणजे शिंपल्यात पोकळी नव्हतीच. रि-४१७ मध्ये काहीतरी कोमट होतं. कोयरीएवढं. दर वेळी ते आकाश वजा होत होतं आणि दर वेळी शिंपल्याला त्याच्या मापाचं भोक पडत होतं. परदेशी दुर्बिणी दुसरा तुकडा वजा करत, म्हणून त्यांना भोक दिसलं नव्हतं. त्या भोकावर बाईंची बावीस वर्षं गेली होती. आता नवी दुर्बीणही रि-४१७च वजा करणार होती, कारण त्याला दाखला होता. भोक तीसपट स्पष्ट दिसणार होतं. मी गप्प बसलो तर हे कोणालाही, कधीही कळणार नव्हतं.

गप्प बसण्याचे फायदे मी त्या आठवड्यात नीट तपासले. बाईंना दोनशे तास मिळतील. मला गुरुवार मिळतील. पोकळीखेरीज आमच्यात बोलण्यासारखं काहीच नव्हतं. ती गेली तर बाईंनी मला फोन करावा तो कशासाठी? मिरजेचं हवामान विचारायला? आणि विश्वाचं म्हणाल, तर ते या बाबतीत काही तक्रार करणार नव्हतं.

गुरुवारी फोन आला. मी दाखल्याचा विषय काढला नाही.

“आज तुम्ही फार हो ला हो करताय,” बाई म्हणाल्या. “एरवी निदान चुकीचं तरी बोलता.”

“ऐकतोय.”

“ऐका. केंद्राच्या वार्षिक सभेला ते दोन परदेशी दुर्बिणींवाले येणारेत समोर. त्यांच्या नाकासमोर मी पोकळी धरणार आहे. पण खरं सांगू का उकिडवे, मला जिंकायचं नाहीये. ती पोकळी पडली कशी, हे मला अजून कळलेलं नाही. पुस्तकात छापलंय ते माझं मलाच पटत नाही. अधूनमधून वाटतं, मरण्याआधी एवढं एक कळावं.”

मी फोन ठेवला. पोकळी कशी पडली हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस मघाशी हो ला हो करत होता.

पुढच्या गुरुवारी अकराला फोन वाजला. त्यांना “उकिडवे” म्हणू दिलं आणि मी बोलायला सुरुवात केली.

“अत्तारबाई, रि-चारशे सतरा रिकामा नाही.”

“काय?”

“शिंपल्यातून वजा करतात तो तुकडा. त्यात काहीतरी कोमट आहे, तुमच्या कोयरीएवढंच. पोकळी ढगात नाही. आपल्या वजाबाकीत आहे.”

पलीकडे मिक्सर चालू होता. बाई कुणाला तरी काहीतरी म्हणाल्या आणि तो बंद झाला.

“दाखला तुमचा आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सरकवून घेतलेत ना फोटो? नोंदीत ‘होय’ आहे. मी दहा वेळा बघितलंय ते.”

“ते खोटं आहे.”

“का?”

“वेळ नव्हता.”

“माझ्याशी सरकारी बोलू नका, उकिडवे. नोंदीत वेळ सकाळी दहाची आहे, तेव्हा तुम्हाला कसली घाई होती? अख्ख्या केंद्रात तुमच्याइतका रिकामा माणूस नव्हता.”

“ईदचा दुसरा दिवस होता. तुम्ही शिरखुर्मा आणला होतात.”

“मग?”

“साडेदहाला संपायचा.”

“तुमचा डबा मी वेगळा काढून ठेवत होते. दर वर्षी. दुपारी तुमच्या टेबलावर पोचत होता तो.”

“पोचत होता,” मी म्हणालो. “पण तुम्ही हाताने वाढायचात ते साडेदहापर्यंतच.”

फोनवर शांतता होती. अशा शांततेला नुसती शांतता समजू नये, हे तोवर मला कळायला लागलं होतं.

“हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतंत,” शेवटी बाई म्हणाल्या.

“दुर्बीण सरकवली नाही, हे?”

“तेही,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बोलणं सहा मिनिटांत आटोपलं होतं.

मी केंद्राला दाखला मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. उलट टपाली कळवण्यात आलं, की दाखला देण्याचा नमुना आहे, परत घेण्याचा नाही. आजवर कोणी मागितलेला नाही. मी कोऱ्या कागदावर लिहून पाठवलं. कारणाच्या जागी “कर्तव्यात कसूर” असं लिहिलं. सविस्तर कारण ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं होतं.

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी मी दाढी केली नाही. मग अकराला पाच मिनिटं असताना घाईघाईने केली आणि गालाला कापलं. फोन आला नाही. मला स्वतःहून करता आला असता. सात वर्षांत मी एकदाही केला नव्हता, कारण काय निमित्त सांगायचं ते ठरत नव्हतं. आता तर तेही संपलं होतं. पूर्वाच्या यंत्रात मात्र मी व्यवस्थित दिसत होतो. तिने मुद्दाम फोन करून सांगितलं, “काका, आता तुम्ही एकदम क्लिअर हाय.” संबंध दिवसात तेवढंच एक वाक्य.

दोन महिन्यांनी केंद्राच्या वार्षिक सभेची सूचना आली. निवृत्तांना घरबसल्या बघायची सोय होती. सूचनेत वक्त्यांमध्ये डॉ. अत्तार यांचं नाव होतं, विषयाची जागा कोरी.

मंगळवारची सकाळ. भिंतीवर सभागृह दिसू लागलं. दोनशेएक माणसं असतील. पहिल्या रांगेत ते परदेशी दुर्बिणींवाले. बाई व्यासपीठावर आल्या. सात वर्षांनी बघत होतो. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि माझ्या आठवणीपेक्षा त्या उंचीने लहान होत्या. आवाजावरून माणूस उंच वाटतो.

त्यांनी प्रास्ताविक केलं नाही. “अत्तार पोकळी अस्तित्वात नाही,” असं पहिलंच वाक्य बोलल्या. “मला मिळालेल्या दोनशे तासांतले चार वापरले. उरलेले परत केले आहेत, ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत.” पहिल्या रांगेकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या दुर्बिणी उत्तम आहेत. उशीर झाला सांगायला.”

मग त्यांनी रि-४१७चा नवा फोटो लावला. बारा वेळा सरकवून घेतलेला.

मी एकतीस वर्षं रिकामं आकाश बघितलं, त्यामुळे असल्या गोष्टी बघायची मला सवय नव्हती. एक छोटासा ढग होता, कोयरीच्या आकाराचा. धूळ कडेकडेने तांबूस तापलेली, आत वायू नुकता झगमगायला लागलेला. आणि त्या वायूच्या पोटात अकरा तारे. बाई म्हणाल्या, पेटून त्यांना लाखभर वर्षंही झाली नसतील. ताऱ्यांच्या हिशेबात पाचवीचा दिवस. इतका लहान जन्मढग यापूर्वी कोणाला दिसला नव्हता. दिसायचा कसा? तो नाही म्हणून दाखला होता.

टाळ्या झाल्या. बेताच्या. मग मधल्या रांगेतला एक तरुण शास्त्रज्ञ उभा राहिला. नम्र होता बिचारा.

“मॅडम, बावीस वर्षं सगळे लेख चुकीच्या पायावर गेले. आता दुरुस्तीपत्रक निघेल. त्यात ही चूक नक्की कोणाची, ते नाव घालून लिहावं लागेल. दाखला देणाऱ्याची म्हणायची का?”

मी खुर्चीतून उठलो. माझ्या खोलीत, भिंतीसमोर. वर्गात नाव पुकारलं की मुलं उभी राहतात तसा. बाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

“दाखला देणाऱ्याने दुर्बीण सरकवली नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मी बावीस वर्षं तो तुकडा एकदाही स्वतः बघितला नाही. विश्वास होता म्हणून. तेव्हा असं लिहा: चूक शहनाज अत्तार आणि मंदार उकिडवे, या दोघांची मिळून.”

तो तरुण लिहून घेत होता. त्याने मंदारमधला अनुस्वार विचारला आणि बाईंनी तो सांगितला.

मी उभाच होतो. केंद्रात मला सगळे उकिडवेच म्हणायचे, आणि सहीत मी नुसतं ‘मं.’ घालायचो. माझं पहिलं नाव त्यांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.